झेडपीच्या भाषणात 'देश' आणि 'गाव' किती घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामा फोंडा तालुक्यातल्या झुवारीकाठच्या गावांतून झेडपीला उभे आहेत. घरात मराठी चांगलं तुमचं, म्हणून भाषण लिहायचं काम तुमच्यावर आलंय. प्रचार सांभाळणारी मंडळी म्हणतात, पाणी, रस्ता, कचरा ऐकायला कोणी येत नाही. 'देश', 'आमची संस्कृती', 'खरा गोंयकार' (गोवेकर), 'भायले' (बाहेरचे) हे शब्द घाला, टाळ्या तिथंच पडतात. तुम्हाला ते खोटं वाटतं, पण मामा हरावेत असंही वाटत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, "असं लिहिणं म्हणजे लोकांना फसवणं आहे का?"

तीस वर्षं मी याच कामात आहे. पहिली नऊ वर्षं एका मराठी दैनिकासाठी सभांच्या बातम्या दिल्या, त्यानंतर उमेदवारांना भाषणं लिहून देते. पंचायतीपासून विधानसभेपर्यंत आणि एकापेक्षा जास्त पक्षांच्या माणसांसाठी लिहिलंय. म्हणून आधी हे सांगते की टाळ्यांबद्दल प्रचारवाले खोटं बोलत नाहीत. टाळ्या खरंच तिथं पडतात. देश आणि गाव हे शब्द लोकांच्या मनातले आहेत. कोणाचा मुलगा सैन्यात असतो, कोणाचे आजोबा मुक्तिलढ्यात तुरुंगात गेलेले असतात, चवथीला मुंबईहून माणूस गावच्या घरी येतो तेव्हा उंबरठ्यावर त्याचा आवाज बदलतो. हे खोटं नाही आणि त्यावर बोलणं म्हणजे फसवणूक नाही.

प्रश्न वेगळ्याच ठिकाणी आहे. असं प्रत्येक वाक्य 'आम्ही' या शब्दावर उभं असतं. 'आमचा देश', 'आमचा गाव', 'आम्ही गोंयकार'. तुम्ही 'आम्ही' लिहिता त्या क्षणी एक रेघ ओढली जाते. मंडपात बसलेली काही माणसं आत येतात, काही बाहेर राहतात. ती रेघ कुठं पडली हे बोलणाऱ्याला बहुतेक वेळा दिसत नाही, पण बाहेर राहिलेल्याला लगेच कळतं. त्यामुळे हे शब्द किती घालायचे याआधी मामांच्या 'आम्ही'त कोण कोण बसतं हे ठरवावं लागेल.

काही गोष्टी तुमच्या मतदारसंघावर अवलंबून आहेत. तिथं भाड्यानं राहणारी, कारखान्यात किंवा बांधकामावर काम करणारी कुटुंबं किती, त्यांतल्या कितींची नावं यादीत आहेत, जमिनीचे व्यवहार कुठल्या वाड्यावर झालेत, विरोधी उमेदवार कोण, मामांनी आतापर्यंत काय केलंय, हे मला माहीत नाही. हायवेलगतच्या गावाला जे लागू पडतं ते आतल्या सत्तरी तालुक्यातल्या गावाला पडेलच असं नाही. पण रेघेचं म्हणणं मी प्रत्येक ठिकाणी खरं ठरताना पाहिलंय, आणि ते मी चुकून शिकले.

वीसेक वर्षांपूर्वी एका उमेदवारासाठी मी वाक्य लिहिलं होतं: "या मातीत ज्यांच्या सात पिढ्या गेल्या, त्यांचाच या गावावर पहिला हक्क." वाक्याला लय आहे आणि सभेत टाळ्याही पडल्या. त्या प्रचारात लाऊडस्पीकर लावणारा एक माणूस होता. त्याचे आजोबा दोडामार्गकडून खाणीवर कामाला आले आणि इथंच राहिले. उमेदवाराचा सगळ्यात कामाचा कार्यकर्ता तो, जीप कोणाची, खुर्च्या कुठून आणायच्या हे सगळं त्याच्याकडे असायचं. सभा संपल्यावर वायरीची गुंडाळी करता करता तो मला म्हणाला, "बाय, म्हजी तिसरी पिळगी. सात मेजपाक आनीक शंबर वर्सां रावचें पडटलें." म्हणजे माझी तिसरी पिढी, सात मोजायला अजून शंभर वर्षं थांबावं लागेल. आवाजात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, आणि पुढंही कधी आला नाही. उमेदवार पडला. त्या एका वाक्यामुळे पडला असं मी म्हणणार नाही, पण तो माणूस मी घालवला एवढं नक्की. त्याला 'भायला' म्हणायचं माझ्या मनातही नव्हतं. सातचा आकडा मी फक्त लयीसाठी घेतला होता.

आता 'गाव' या शब्दाकडे येते, कारण गोव्यात या शब्दाच्या पोटात बरंच काही दडलंय. 'आमच्या गावची मूल्यं' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढं देऊळ, मांड, शेत आणि एकमेकांच्या घरी जाणारी माणसं येतात. पण आपल्याकडे 'गावचा' हा नुसत्या भावनेचा शब्द कधीच नव्हता, तो हक्काचा शब्द होता. गावकारीची, म्हणजे मूळ गावकऱ्यांच्या संस्थेची, जमीन सामाईक असायची. मूळ गावकारांच्या वंशातल्या पुरुषांना त्या उत्पन्नातून दरवर्षी जोण, म्हणजे वाटा, मिळायची. पोर्तुगिजांनी 1526 च्या फोरालमध्ये या चालीरीती लिहून घेतल्या, इतकी ती व्यवस्था पक्की होती. या व्यवस्थेनं बांध राखले, देवळं चालवली. पण त्याच गावात राहणारा मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेवर झोपडी बांधून राहायचा, आणि भाटकारानं उठ म्हटलं तर त्याला उठावं लागायचं. बायकांना सहसा जोण नव्हती. गाव एकच, पण त्यात राहणाऱ्यांचं 'आमचा गाव' एक नव्हतं.

म्हणूनच 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी गावाची इतकी कठोर शब्दांत संभावना केली. ज्या गावाचं कौतुक चाललंय ते अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं घर आहे, असं त्यांच्या म्हणण्याचं सार होतं. समितीतल्या अनेकांना ते पटलं नाही आणि पुढं कलम 40 मध्ये ग्रामपंचायती आल्या. आज झेडपीला उभं राहणारा माणूस त्या वादाच्या दोन्ही बाजूंचा वारस आहे. आपल्याकडे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मागं बहुजन समाज उभा राहिला तो गावाचं कौतुक ऐकून नव्हे. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, 1964 मध्ये कूळ कायदा आला, पुढं मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळात 1975 चा मुंडकार कायदा आणि 1976 ची कूळ कायद्यातली पाचवी दुरुस्ती झाली. गावातल्या माणसाचं गावातलं स्थान बदललं. तुमच्या मतदारसंघात कुळांची आणि मुंडकारांची नातवंडं मोठ्या संख्येनं असणार. त्यांच्यासमोर 'जुना गाव किती चांगला होता' हे वाक्य जपून वापरा. आजीनं त्यांना वेगळा जुना गाव सांगितलेला असतो.

'देश' या शब्दाचंही तसंच. तुमच्या आजोबांच्या पिढीला राष्ट्र बदलून दिलं गेलं होतं, तेही कागदावर. स्वतंत्र भारतानं गोव्याची मागणी केली तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या सरकारनं 1951 मध्ये घटना बदलली आणि वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. मिन्होपासून तिमोरपर्यंत एकच पोर्तुगाल, असं सांगितलं जायचं. म्हणजे म्हार्दोळचा शेतकरी घरी बसल्या बसल्या पोर्तुगाल देशाचा घटक ठरला, पण त्याला सभा घेता येत नव्हती, लग्नपत्रिका छापायलासुद्धा सेन्सॉरची परवानगी लागायची. याच्या उलट 18 जून 1946 आठवा. मडगावात डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले ते नागरी स्वातंत्र्यासाठी, सभा आणि भाषणाच्या हक्कासाठी. देश हा शब्द त्या दिवशी एका साध्या, हातात धरता येणाऱ्या हक्काला जोडलेला होता. तुमचे मामा चव्हाट्यावर खुर्च्या मांडून कोपरा सभा घेणार आहेत, तो हाच हक्क. मला विचाराल तर मामांच्या भाषणात देश इथूनच यावा. नदीकाठच्या ज्या गावांतून ते उभे आहेत तिथं मुक्तिलढ्यात गेलेलं कोणी असेल तर घरच्यांना विचारून त्यांचं नाव घ्या. मग सीमेवरच्या जवानाबद्दलची ठरलेली चार वाक्यं लागणार नाहीत.

भाषेबद्दलही एक गोष्ट मी वर्षानुवर्षं टिपत आलेय. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांत वक्ता देशावर आणि संस्कृतीवर बोलू लागला की मराठीकडे वळतो, आणि नळाला पाणी नाही म्हणायचं झालं की कोकणीत येतो. यात ढोंग नाही. आपल्याकडे कीर्तन, भजन, दशावतार, उत्सवातलं नाटक, वर्तमानपत्र हे सगळं मराठीत आलं, तर भांडण, स्वयंपाक आणि माया कोकणीत राहिली. म्हणून उंच बोलायचं तर मराठी आठवते. पण त्यामुळे भाषण दोन तुकड्यांत फाटतं. वरचा तुकडा ऐकून लोक टाळ्या वाजवतात आणि खालच्या तुकड्यावर मत देतात. भाषण लिहून झालं की मामांना सगळं एकदा कोकणीत बोलायला लावा. जे वाक्य कोकणीत आणताना ते अडखळतील ते काढून टाका. ते त्यांचं नसतं, तुमचं किंवा माझ्यासारख्या कोणाचं असतं.

टाळ्या आणि मत यांतल्या या फरकाचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलिनीकरणासाठी 'फूल' आणि वेगळं राहण्यासाठी 'दोन पानं' अशी चिन्हं होती. फुलाला 1,38,170 मतं पडली, दोन पानांना 1,72,191. अंतर 34,021. अस्मितेवर एवढी थेट निवडणूक भारतात क्वचितच झाली असेल. आणि विलिनीकरणाच्या विरोधातला एक मोठा आवाज मडगावच्या 'राष्ट्रमत'चा होता, ते दैनिक मराठी होतं. म्हणजे मराठीवर प्रेम करणारा माणूस विलिनीकरणवादीच असेल हे समीकरण तेव्हाच चुकलं होतं. पण मी याहून महत्त्वाचं मानते ते पुढचं. दोनच महिन्यांनी, मार्च 1967 मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्यांचा मुख्य मुद्दा नुकताच हरला होता त्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षालाच लोकांनी पुन्हा निवडून दिलं. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. मतदारानं दोन प्रश्न वेगळे ठेवले: मी कोण, आणि माझं काम कोण करतो. प्रचार सांभाळणारे 'लोक भावनेवर मत देतात' म्हणतात तेव्हा मला नेहमी हे दोन महिने आठवतात.

'खरा' या विशेषणापासून मात्र मी तुम्हाला पूर्णच दूर राहायला सांगेन. हा मोह सगळ्या जगात आहे. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये बोलताना म्हणाल्या होत्या की देशाचं सर्वोत्तम रूप छोट्या गावांत आहे, तीच खरी अमेरिका. त्या स्वतः अलास्कातल्या वसिला या छोट्या गावच्या महापौर राहिलेल्या, त्यामुळे गावाबद्दलची माया खरी असेलही. पण 'खरी' म्हटल्याबरोबर शहरात राहणारे सगळे खोटे ठरले. काही दिवसांतच त्यांना एका मुलाखतीत माफी मागावी लागली. गंमत म्हणून नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखं म्हणून सांगते: ग्रीन्सबरो हेच दोन लाखांहून जास्त वस्तीचं शहर आहे. आपणही हेच करतो. 2011 च्या जनगणनेत गोव्यातली 62.17 टक्के लोकसंख्या शहरी नोंदली गेली, राज्यांमध्ये सगळ्यात जास्त. आपण ज्याला गाव म्हणून भाषणात हाक मारतो त्यातलं बरंचसं जनगणनेच्या लेखी शहर झालेलं आहे. तुमच्या मतदारसंघातला तरुण सकाळी वेर्ण्याला किंवा पणजीला कामावर जातो आणि रात्री परत येतो. त्याला 'गावाकडं चला' सांगू नका, संध्याकाळची शेवटची बस कधी सुटते ते विचारा.

'गोंयकारपण', म्हणजे गोवेकर असणं, या शब्दाचा मला राग नाही. जमीन जाते, नोकरी बाहेरच्याला मिळते, घरं बंद पडतात, ही भीती खरी आहे आणि ती बोलून दाखवणारे पक्ष मतं मिळवतात यात आश्चर्य नाही. पण 1961 पूर्वी, म्हणजे गोवा मुक्त होण्याआधी, कोणाचा जन्म इथं झाला यावर माणसं मोजायला लागलात तर हिशेब फार लवकर घरात शिरतो. आपल्या फोंड्यात किती सुना सावंतवाडीच्या, कारवारच्या, बेळगावच्या? त्या देवळात जातात, चवथीला माटोळी बांधतात, पंचायतीत अर्ज घेऊन उभ्या राहतात. गोव्याच्या मतदार यादीत पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत. 'भायले' हा शब्द मांडवात उच्चारला की पुढच्या रांगेतल्या किती जणी तो आपल्या माहेरावर घेतात, हे मी बाजूला उभी राहून पाहिलंय. त्यांचे चेहरे बदलत नाहीत, फक्त टाळ्या वाजवणारे हात थांबतात. दुसरीकडून पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला गेलेला भाऊ कुठल्या यादीत घालायचा? त्याचं कूळ इथलं, नागरिकत्व तिथलं. भाषणात असला हिशेब मांडूच नका.

मग गावाबद्दल लिहायचं काय? तुमच्या सुदैवानं मतदारसंघ झुवारीला लागून आहे, म्हणजे खाजन शेती, खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली, असणार. बांधावर लिहा. मानशीचं, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या जागेचं, दार वेळेवर लागलं नाही, बांधाला खेकड्यानं बीळ केलं आणि कोणी बुजवलं नाही, तर खारं पाणी एकाच्या शेतात थांबत नाही, सगळ्यांचं भात जातं. पूर्वी बांध फुटल्याची हाक आली की घराघरातून माणूस बाहेर पडायचा. आज शेत कोणी करत नाही, कुळांच्या टेनंट असोसिएशनची बैठक मानशीच्या पावणीपुरती (लिलावापुरती) होते, आणि खारफुटी शेतात शिरलेली असते. 'एकोपा' हा शब्द दहा वेळा लिहून जे होत नाही ते या एका चित्रानं होतं. कारण त्यात शेजाऱ्याशी असलेलं नातं दिसतं, ते नातं न पाळण्याचा परिणाम दिसतो, आणि मामांना त्यावर काही करता येण्यासारखं आहे. बांधावर माती टाकणाऱ्याला कोणी पिढी विचारत नाही. झारखंडहून आलेला मजूर आज ती माती टाकत असेल तर तेही लिहा.

जमिनीवर वाक्य लिहिण्याआधी मात्र मामांशी दार लावून बोला. 'गाव राखूया' म्हणायचं असेल तर त्यांनी स्वतः किंवा जवळच्या कोणी जमीन विकली आहे का, कुठला सर्वे नंबर नगर नियोजन कायद्याच्या 'सतरा दोन'खाली किंवा 'एकोणचाळीस-अ'खाली, म्हणजे जमिनीचा वापर बदलण्यासाठी, दिला आहे का, ग्रामसभेत त्या विषयावर ते उठून बोलले होते का, हे विचारा. अवघडल्यासारखं होईल, पण विचारा. ग्रामसभेची इतिवृत्तं पंचायतीत असतात आणि विरोधक ती वाचतात. उत्तर अडचणीचं असेल तर जमिनीवर बोलूच नये असं नाही. "मी एक तुकडा विकला, तेव्हा मुलीचं शिक्षण होतं, आज वाईट वाटतं" असं स्वतःहून सांगणाऱ्या एका उमेदवारासाठी मी लिहिलंय, आणि ती सभा एवढी शांत मी क्वचितच ऐकली. अडचण लपवून 'गाव राखूया' म्हणणाऱ्यासाठी मी आता लिहीत नाही.

विरोधकानं मामांवरच 'भायला' किंवा 'देशविरोधी' असा शिक्का मारला तर? असं होतं. तेव्हा आपली वंशावळ वाचून दाखवायचा मोह होतो. ती वाचली की तुम्ही त्याची मोजपट्टी मान्य केली. मी उमेदवाराला एवढंच बोलायला सांगते: मी इथं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, आणि समोर बसलेल्यांपैकी कोणालाही मी असं विचारणार नाही. मग लगेच बांधावर किंवा बसवर यावं. धर्म, जात, भाषा यांच्या नावानं मत मागणं विधानसभा आणि लोकसभेला कायद्यानं भ्रष्ट आचरण ठरतं, आणि 2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं, चार विरुद्ध तीन अशा निकालानं, त्यात उमेदवाराबरोबर मतदाराचीही ओळख धरली. झेडपीसाठी आचारसंहितेची प्रत निर्वाचन अधिकाऱ्याकडून घेऊन एकदा वाचून ठेवा.

लांबीचं म्हणाल तर कोपरा सभेला सात-आठ मिनिटं पुरतात. देशाला एक परिच्छेद, तोही तुमच्या गावातल्या माणसापासून सुरू होणारा. बाकी बांध, बस, पाणी. आणि लिहून झालं की प्रचारवाल्यांना दाखवण्याआधी मामींना वाचून दाखवा. त्या कुठल्या गावच्या, ते तुम्ही लिहिलेलं नाही.